न आलेल्या मुलांच्या वह्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. वसईतल्या एका नर्सिंग होममध्ये मी एक्स-रे काढतो, त्याला पंचवीस वर्षं होत आली. त्यातली सात वर्षं मी अशा मुलांच्या वह्यांवर सह्या केल्या, जी माझ्या खोलीत कधी आलीच नाहीत.

वही म्हणजे प्रशिक्षणाची नोंदवही. अमुक तारखेला छातीचे इतके एक्स-रे, गुडघ्याचे इतके, मनगटाचे इतके, विद्यार्थ्याने माझ्या देखरेखीखाली काढले, असं त्यात लिहायचं असतं. शेवटच्या रकान्यात प्रशिक्षकाची सही. ती माझी.

सुरुवात अशी झाली. नालासोपाऱ्यात एक संस्था निघाली, एक्स-रे टेक्निशियनचा दोन वर्षांचा डिप्लोमा देणारी. अशा संस्थेला मुलांच्या सरावासाठी कुठलं तरी हॉस्पिटल दाखवावं लागतं. आमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं. पहिल्या वर्षी खरंच चार मुलं आली. आमची खोली ती केवढी. पेशंट, पेशंटची सून, चार मुलं आणि मी. एका म्हाताऱ्या बाईंनी डॉक्टरांना सुनावलं की पाठ उघडी करायची तर दारात ही पलटण कशाला उभी? डॉक्टर मला म्हणाले, "उद्यापासून नको." मुलं यायची थांबली. वह्या यायच्या थांबल्या नाहीत.

संस्थेचे सर स्वतः वह्या घेऊन यायचे, दुपारी ओपीडी बंद असते त्या वेळात. "सर, तेवढं नजरेखालून घाला," म्हणायचे. मला. नर्सिंग होममध्ये माझं नाव कुणी घेत नाही, मी 'एक्स-रेवाला'. एक्स-रेवाल्याला हाक मारा, एक्स-रेवाला जेवायला गेलाय का बघा. आणि इथे कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस मला सर म्हणत होता. त्यांनी मला एक पत्रही दिलं, 'मानद प्रशिक्षक' असं. पैसे मी घेतले नाहीत. घेतले असते तर कदाचित लवकर थांबलो असतो, कारण मग आपण काय करतोय ते मला स्वतःला दिसलं असतं.

काम मी नेटकं केलं. एका बैठकीतल्या सह्या वाटू नयेत म्हणून मधेच पेन बदलायचो. रविवार वगळायचो, सण वगळायचो. एकदा आमच्या मशीनची ट्यूब गेली आणि नवी यायला तीन आठवडे लागले, ते दिवस वगळायचे मात्र राहून गेले. बंद मशीनवर काढलेले ते एक्स-रे अजून त्या वह्यांत आहेत. कुणी पकडले नाहीत. त्या वह्या कुणी उघडल्या असतील असं मला वाटतही नाही.

माझी ताई उमेळ्याला दिलेली. त्यांची वाडी होती, आता निम्मी आहे. विकलेल्या निम्म्यात सात मजली बिल्डिंग उभी राहिली. केळी, पालेभाजी आणि थोडा मोगरा एवढ्यावर घर चालतं. मोगरा पहाटे खुडावा लागतो. ताईचे गुडघे गेल्यापासून ते काम माझी भाची करते. ग्रहण बघायला मी घरी जुन्या फिल्म द्यायचो, तेव्हा सगळे सूर्याकडे बघायचे आणि ही फिल्ममधल्या बरगड्या मोजत बसायची. बारावी सायन्स झाली आणि तिनं जाहीर केलं, मी एक्स-रेचं शिकणार.

त्या घरात अशा वेळी मामाला विचारतात. भावोजींनी मला वाडीत बोलावून सांगितलं, "आपल्याला यातलं काय कलत नाय. कुठं घालायची ते तुमी ठरवायचं. तुमी म्हनाल तिथं."

मी तिला स्कूटरवर मागे बसवून संस्था दाखवायला निघालो. आणि या विषयात माझ्याइतका संशयी माणूस तुम्हाला तालुक्यात सापडणार नाही. का, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

पहिली संस्था विरारला, एका मिठाईच्या दुकानावर. स्वागताला काचेचं टेबल, भिंतीवर सांगाड्याचं चित्र, मागच्या खोलीत एक्स-रे मशीन. मशीन नवं होतं, फारच नवं. हँडलवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. मी तिथल्या मॅडमना विचारलं, "हे चालू करून दाखवाल?"

"दाखवू ना सर, अ‍ॅडमिशन झाल्यावर डेमो असतो."

"वीज कुठून येते याला?"

त्यांनी भिंतीवरच्या प्लगकडे बोट दाखवलं. पंख्याचा असतो तसला प्लग. त्याच्यावर हे मशीन लावलं असतं तर खालच्या दुकानासकट अंधार झाला असता. जिना उतरताना मी भाचीला एवढंच म्हटलं, "यंत्राला तोंड आहे, पोट नाही."

"मामा, तू पोलिसात जायला हवं होतंस," ती म्हणाली.

दुसऱ्या संस्थेत मशीन खरं होतं. मी आधी भिंतीवरच्या स्टँडकडे गेलो, जिथे छातीच्या एक्स-रेला पेशंट हनुवटी टेकतात. चालत्या खोलीत त्या जागेचा रंग उडालेला असतो. इथे रंग शाबूत होता. कपाटात शिशाचा एप्रन होता, किरणांपासून वाचायला घालतात तो, चादरीसारखी चौपदरी घडी घालून ठेवलेला. हा एप्रन टांगून ठेवायचा असतो. घडी घातली की आत शिशाला भेगा जातात आणि मग तो घातला काय, न घातला काय. ज्यानं एक दिवस जरी काम केलंय तो एप्रनची घडी घालणार नाही. हे मी भाचीला रस्त्यावर आल्यावर सांगितलं. पोस्टरवर जाऊ नकोस, सरांच्या गोड बोलण्यावर जाऊ नकोस. हनुवटीची जागा बघ, एप्रन बघ, मान्यतेचा कागद मागायला लाजू नकोस. तिनं सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मला अभिमान वाटला. खरंच वाटला, तो लपवत नाही.

नालासोपाऱ्याच्या संस्थेचं नाव मी काढलंच नाही.

खरी जागा एकच होती. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलचा पदवीचा अभ्यासक्रम. तिथे वॉर्डात उभं करून शिकवतात, चुकलं तर सगळ्यांदेखत झापतात. मीही तसल्याच एका सरकारी हॉस्पिटलात झापून घेत शिकलो. भाचीनं अर्ज केला आणि दुसऱ्या यादीत नाव लागलं. तीन दिवसांत कागदपत्रं घेऊन हजर राहायचं होतं. मी पेढे घेऊन उमेळ्याला गेलो.

घरात पेढ्यांचा उत्साह नव्हता. पदवीला वर्षं जास्त, आणि रोजचं जाणं-येणं. पहाटे घर सोडायचं म्हणजे मोगरा कोण खुडणार, ताईचं कोण बघणार. भावोजी म्हणाले, "इथं जवल कायच नाय का? एवढ्या संस्थांच्या पाट्या लागल्यात. तुमाला सगल्यांत खोट दिसते. पोरीचं लगीन ठरवाया तुमाला नेलं तर ती जलमभर घरातच राहील."

ताई हसली. मीही हसलो. म्हटलं, "मोगऱ्याला बाई लावा. ही जागा सोडू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला, संध्याकाळी ये म्हणून. गेलो तर पडवीत भाची टाळ्या वाजवत उभी.

"मामा, तू ना एक नंबरचा छुपा रुस्तम आहेस!"

बाप-लेक सकाळी नालासोपाऱ्याला जाऊन आले होते. रस्त्यात पाटी दिसली म्हणून भावोजींनी गाडी वळवली. भाचीनं मी शिकवलेलं सगळं तपासलं. मान्यतेचा कागद मागितला. सर म्हणाले, नूतनीकरणाला गेलाय. मग तिनं विचारलं, प्रॅक्टिकल कुठे होतं, त्याचा पुरावा दाखवा. सरांनी शांतपणे कपाटातून एका जुन्या विद्यार्थ्याची वही काढली आणि तिच्यापुढे उघडली.

"आणि बघते तर काय, तुझी सही! प्रत्येक पानावर! मी पप्पांना म्हटलं, चला, आता काही बघायचंच नाही."

भावोजी खुर्चीत मागे रेलून माझ्याकडे बघत होते. "सगल्या गावाला नावं ठेवली, आनि जिथं सोता मास्तर, तिथलं कोनाला बोललं पन नाय."

"त्याचं असंच," ताई म्हणाली. "शाळेत पहिला नंबर आला तरी घरी सांगायचा नाही."

माझं गप्प राहणं त्यांना नम्रपणा वाटला. त्या घरात माझ्याबद्दल कुणाच्या मनात संशयाचा कणही नव्हता, आणि मी त्यांच्याकडे एकेकाकडे बघत होतो, की हे खरंच हसताहेत, की काही कळलंय आणि माझी गंमत बघताहेत?

मी म्हणालो, "ती संस्था एवढी काही चांगली नाही."

"मग तू तिथे कशाला शिकवतोस?" भाचीनं विचारलं.

चहा आला होता. मी कप उचलला. तेवढ्या वेळात मला सांगता आलं असतं. मी शिकवत नाही, नुसती सही करतो. एवढंच वाक्य. मी चहा प्यालो आणि म्हणालो, "लांबचं हॉस्पिटल मोठं आहे, एवढंच म्हणणं माझं."

"चिल रे मामा. तिथे मला कोण ओळखतं? इथे तू आहेस. आणि एप्रन पण बघितला मी. हँगरला टांगलेला होता, घडीबिडी नव्हती."

तो हँगर माझाच होता, हेही सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी सरांनी मला विचारलं होतं, कुणी तपासायला आलं तर खोलीत काय काय दिसायला हवं? मी त्यांना एका कागदावर सगळं लिहून दिलं होतं. संशयी माणूस कुठे बघतो, ते माझ्याइतकं कोण सांगणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नर्सिंग होममधून ताईला फोन लावला. त्या दिवशी चारपर्यंत मुंबईची जागा धरता आली असती. ताईनं उचलला. मी म्हणालो, "काही नाही, मुळा आहे का वाडीत?" ताई म्हणाली, "आहे की, पाठवते." संध्याकाळी मुळ्याच्या दोन जुड्या घरी आल्या. जागा गेली होती.

सरांचाही फोन आला. "सर, तुमची भाची! आधी बोलायचं ना. आता आपण घरचेच झालो." गोड आवाज. पण घरचे झालो म्हणजे काय, हे मला बरोबर कळलं. आता मी कुठे बोलणार नव्हतो.

मग मी स्वतःशी एक सोय लावली. म्हटलं, निदान हिला तरी खरं शिकवू. डॉक्टरांच्या पाया पडायचं बाकी ठेवलं, पण तिला खोलीत यायची परवानगी मिळवली. दोन वर्षं ती रोज दुपारनंतर आली, गुरुवार सोडून. पहिल्या महिन्यात तिला नुसतं पेशंटशी बोलायला लावलं. दुखऱ्या हाताला आधी आपला हात द्यायचा, मग तो वळवायचा. श्वास रोखा म्हटल्यावर माणूस घाबरून खांदे वर उचलतो, ते खाली येईपर्यंत थांबायचं. बाईमाणूस आली की काय काय विचारायचं आणि ते कसं विचारायचं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं जमायला लागलं. म्हाताऱ्या बाया "ती पोरगी आहे का?" विचारून मगच आत येऊ लागल्या.

गुरुवारी तिला सुट्टी असायची, कारण गुरुवारी सर वह्या घेऊन यायचे. तिच्याच वर्गातल्या मुलांच्या.

आठवड्याभरातच तिनं विचारलं होतं, "बाकीची मुलं कुठेयत?" मी म्हणालो, त्यांना दुसरं हॉस्पिटल दिलंय. ते तिला पटलं असावं. पण वर्गात मुलं बोलतातच. पुढच्या वर्षी एकदा ती आली ती तणतणत. बॅग टेबलावर आपटली.

"मामा, ते लोक तुझी सही खोटी मारतात."

"कोण?"

"ऑफिसवाले. पोरं म्हणतात, प्रॅक्टिकलला जायची गरजच नाही, वही आपोआप होते. एकानं दाखवली मला. तुझी सही! मी म्हटलं, माझा मामा असा नाही. त्याच्या खोलीत मी रोज असते, तुमच्यापैकी कोण येतं? भांडले मी. तू कंप्लेंट कर ना."

"बघतो," मी म्हणालो.

मी ज्या मुलीला सगळ्यांवर संशय घ्यायला शिकवलं, तिनं तो सगळ्यांवर घेतला. मी सोडून.

डिप्लोमा झाला. मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात तिला मुलाखतीला बोलावलं. मी बरोबर गेलो होतो, बाहेर बाकावर बसलो होतो. काम करून दाखव म्हणाले, तर तिनं असं दाखवलं की तिथला मुख्य टेक्निशियन बाहेर येऊन मला म्हणाला, "तयार मुलगी आहे. कुठे शिकली?" मग कागद तपासणीला गेले. अर्ध्या तासानं खिडकीतल्या बाईंनी फाइल परत दिली. संस्था मान्यतेच्या यादीत नाही, राज्याची नोंदणी होणार नाही, नोंदणीशिवाय नेमणूक नाही. बाई वाईट वागल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी कुणाला विचारायचं होतंस गं."

भाची म्हणाली, "विचारलं होतं."

परतीच्या वाटेवर ती फाइल मांडीवर धरून बसली. मान्यतेचा कागद मी नालासोपाऱ्याच्या सरांकडे कधीच मागितला नव्हता, सात वर्षांत एकदाही नाही. बाकी सगळ्यांकडे मागितला. त्यांच्याकडे मागितला असता तर पुढची सही करता आली नसती.

नालासोपाऱ्याला गेलो तर जागेवर व्यायामशाळा निघालेली. सरांचा फोन लागत नाही.

सध्या ती वसई रोडला एका सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर बसते. लोकांचे रिपोर्ट पाकिटात घालते, पाकिटावर नाव लिहिते. मशीन आतल्या खोलीत असतं. तिथे तिला जायची मुभा नाही.

पण ती गप्प बसणारी नाही. गेल्या महिन्यात दुपारी माझ्याकडे आली. तक्रारीचा अर्ज तयार करून आणला होता. संस्थेनं फसवलं, शिवाय एका ज्येष्ठ टेक्निशियनच्या खोट्या सह्या करून मुलांच्या वह्या भरल्या, असं त्यात लिहिलं होतं. पुरावा म्हणून तिनं दोन वह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक तिची, जिच्यातलं पान न् पान खरं आहे. दुसरी एका वर्गमित्राची.

"बघ ना," ती म्हणाली, "किती सेम मारलीय. प्रो आहेत एकदम. पण तू साक्ष दिलीस की ही तुझी नाही, तर संपलंच त्यांचं. देशील ना?"

मी दोन्ही सह्या बघितल्या. बराच वेळ. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितल्या.

"ठेवून जा," मी म्हणालो. "वाचतो."

ती निघाली, दारात थांबली. "मामा, ही तुझी नाहीये ना?"

तिनं सहज विचारलं, की सहज विचारल्यासारखं केलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तेवढ्यात पायाला प्लास्टर घातलेला एक पेशंट आला आणि मी त्याच्यासाठी खुर्ची सरकवली. ती गेली. त्यानंतर तिचा अर्जाबद्दल फोन नाही. ताईकडे गेलो तर भाची बोलते, चहा देते, पण मला काही विचारत नाही. पूर्वी विचारायची. भावोजीही हल्ली माझी थट्टा करत नाहीत. वाडीतली भाजी मात्र येते.

अर्ज माझ्या कपाटात आहे. मी तिचं देणं लागतो ते हे. तिच्यासमोर बसून सांगायचं की दोन्ही सह्या माझ्याच आहेत. मुंबईची जागा जात होती ते तिन्ही दिवस मला सगळं माहीत होतं. आणि तिच्या तक्रारीत माझं नाव फसवल्या गेलेल्यांत नाही, फसवणाऱ्यांत लिहायला हवं. मग जिथे तो अर्ज जाईल तिथे जाऊन हेच पुन्हा सांगायचं, लेखी. तिची दोन वर्षं माझ्याकडून परत होणार नाहीत. एवढं होईल, आणि ते मी अजून केलेलं नाही.